सात सारखे हिस्से

सावली तालुक्यातल्या त्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या गावात बायनाबाईपुढे खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. म्हणूनच एका संस्थेनं गावाला मदतीचे पैसे दिले, ते कोणाला द्यायचे हे पोरापोरींनी ठरवावं म्हटलं, तेव्हा त्यांना वळण लावायला बायनाबाईलाच बसवलं. तिच्या सहीशिवाय कागद हलणार नव्हता. दुसरीतून शाळा सोडलेल्या बाईची सही! तिला त्याचा ताठा होता आणि ती तो झाकतही नव्हती.

अर्ज सात आले. पोरं घरोघर जाऊन आली. कुंताच्या घरी तर डिंपल रडली. कुंताचा नवरा पावसाळ्यात गेला, मागं राहिलेलं जाळं उंदरांनी कुरतडलं. तळ्यावर ज्याचं जाळं त्यालाच हिस्सा. महिन्याभरात मोठी मासेमारी लागणार होती. तोवर जाळं आलं नाही, तर कुंता पोरीची शाळा सोडवून तिच्यासकट आंध्रात मिरची तोडायला निघणार होती.

समाजमंदिरात पोरांच्या वतीनं भूपेशनं कागद पुढं केला. बायनाबाईनं बोट ठेवत नावं वाचली. नावं सात, आकडा सगळ्यांपुढे एकच.

"हे काय व्हय रे?"

"सारखे हिस्से, आजी. तळ्यावर मासोळीचे ढीग घालतो तसे. तूच तं सांगतलं, कोणाच्या ढिगात एक झिंगा जास्त जाऊ नाई."

"एवढ्यात कुंताचं जाळं येते?"

"एक तुकडा येईन."

"तेवढ्या तुकड्यात मासोळी थांबते का बे? का तिले हात जोडून सांगशीन, माय, त्या बाजूनं जाऊ नोको?"

डिंपल फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"अन् सोमाजीले काऊन? त्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभा हाय."

"मामा हाय माहा. नाई म्हटलं तं दारात उभा नाई करणार."

"लच्छूले?"

"त्याच्यासंग रोज किरकेट खेळतो, आजी."

सडकी मासळी हुंगल्यासारखं बायनाबाईचं नाक आक्रसलं. "तुमच्या भेवाले न्यायाचं लुगडं नेसवून आणलं माह्यापुढं! थू!" ती खरोखर दाराबाहेर थुंकली. पोरांची किळस होतीच, त्याहून स्वतःची जास्त. ढिगांची गोष्ट तिनं ऐटीत सांगितली होती, तिचं कारण मात्र सांगितलं नव्हतं.

"तळ्यात सगळे उतरतात, म्हणून ढीग सारखे. इथी कोण भिजलं? सोमाजी? कोणाले द्याचं ते तुम्ही ठरवा. पण ज्याले नाई, त्याच्या दारात जाऊन तोंडानं नाई म्हणा. मंग सही."

मग डिंपल म्हणाली, "कुंताकाकूले पुरं जाळं. सगळे पैसे त्यातच." एकेक करत हात वर झाले. भूपेशचा शेवटी.

सगळी जण दारोदार फिरली. मागून बायनाबाई, मिसरी घासत. पाच दारं झाली. लच्छूनं बॅट आपटली, एकानं पाणीही विचारलं नाही. सहावं दार सोमाजीचं.

"मामा, सायेब म्हणे का यंदा..."

"कोणता सायेब बे?" बायनाबाई मागून कडाडली.

भूपेशनं मामाकडं सरळ पाहिलं. "कोणी सायेब नाई, मामा. आम्हीच ठरवलं. तुले नाई देऊन राह्यलो."

"बेइमान! माह्या घरी खाऊन वाढला अन् मलेच नाई म्हणते? पाय ठेवजो आता इथी!" सोमाजीनं दार धाडकन लावलं.

भूपेशचे डोळे भरले. बायनाबाईला दया आली नाही. 'नाई' या एवढ्या दोन अक्षरांसाठी सहा घरांचा राग झेलावा लागला, म्हणून तिचं तोंड कडू झालं होतं.

"वाक," ती म्हणाली. त्याच्या पाठीवर कागद ठेवून तिनं वाकडीतिकडी सही केली. "जा, कुंतेले सांग. अन् डोळे पुसून जाय, तिले वाटन कोणी मेलं."