चौदाशेचे हजार

दौंडच्या बाजारपेठेत अयुब आतारला ओळखत नाही असा दुकानदार शोधून सापडला नसता. सतरा वर्षं तो एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करत होता. सकाळी साडेनऊला काखेत कातडी पिशवी आणि खिशाला दोन पेनं लावून घरून निघायचा आणि गांधी चौकापासून स्टेशनच्या रिक्षाथांब्यापर्यंत एकेक दुकान, एकेक टपरी घेत जायचा. कुणी दहा रुपये द्यायचं, कुणी वीस, एखादा पन्नास-शंभर. प्रत्येकाकडे एक पिवळं कार्ड असायचं. त्यावर अयुब तारीख घालायचा, आकडा लिहायचा आणि शेजारी बारीकशी सही करायचा. संध्याकाळी सगळी रक्कम पतसंस्थेच्या खिडकीवर भरली की दिवस संपला. मिळणाऱ्या कमिशनवर त्याचं, बायको शाहिस्ताचं आणि दोन मुलींचं भागायचं.

रिक्षाथांब्याजवळ पोतं अंथरून मेथी-कोथिंबीर विकणारी सोजरबाई ही त्याच्या फेरीतली शेवटची. धनगराची म्हातारी. तिच्या सासऱ्याच्या वेळी दारात दोनशे मेंढरं होती; आता गिरीमला दीड एकर रान आणि चार शेळ्या. एकदा ती मोठ्या बँकेत पैसे भरायला गेली होती. काचेमागच्या कॅशियरनं तिच्या चुरगळलेल्या, भाजीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या नोटा बोटाच्या टोकानं मागं सारल्या आणि आधी स्लिप भरून आणा म्हणाला. स्लिप भरून देणारा कुणी भेटेपर्यंत खिडकी बंद झाली. पुन्हा ती बँकेची पायरी चढली नाही. "माझी ब्यांक रोज दुपारच्याला चालत माझ्याकडं येती," असं ती शेजारच्या भाजीवाल्यांना ऐकवायची, आणि अयुबला ते ऐकून आतून फुलल्यासारखं व्हायचं.

२००३ च्या उन्हाळ्यात पतसंस्थेच्या शिरूरच्या मुख्य कचेरीतून मशीन आलं. काळं, विटेएवढं, वर बटणं आणि डोक्यातून कागदाची पट्टी बाहेर टाकणारं. दौंड शाखेचे मॅनेजर हौसराव यांनी सगळ्या एजंटांना बसवून ते समजावून दिलं. खाते नंबर दाबायचा, रक्कम दाबायची, पावती फाडून द्यायची. संध्याकाळी वायर लावली की सगळं आपोआप कॉम्प्युटरमध्ये. आणि जुनी कार्डं गोळा करून जमा करायची, कारण दोन हिशेब शिरूरला चालणार नव्हते.

लोक कार्ड द्यायला तयार होईनात. सायकलच्या दुकानाचा मच्छिंद्र म्हणाला, "अयुबभाई, तुमची सही हाय म्हणून पैसा देतो. ह्या डबड्याला कोन वळकतं?"

अयुबनं सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. माणूस चुकतो, मशीन चुकत नाही. मी उद्या मेलो तरी तुमचा रुपयानं रुपया यात राहील. त्याला ते स्वतःलाही पटलं होतं. पंधरा दिवसांत त्यानं एकशे चौदा कार्डं गोळा केली. सोजरबाईनं आपलं कार्ड पदराच्या गाठीतून सोडून त्याच्या हातात ठेवलं.

"मला न्हाई तर काय वाचता येत हुतं? तू म्हंतोस तर घे."

एक बदल मात्र अयुबच्या लवकर लक्षात आला नाही. कार्डावर लिहिताना आकडा त्याच्या डोक्यात राहायचा. रात्री जेवताना कुणी विचारलं असतं, तर आज कुणी किती दिले हे त्यानं दुकानांच्या क्रमानं सांगितलं असतं. बटणं दाबायला लागल्यापासून काही राहीना. बोट उचललं की आकडा गेला.

पावसाळा संपता संपता शाखेतला कॉम्प्युटर बिघडला आणि दुरुस्तीला शिरूरला गेला. वायर लावायला जागा उरली नाही. त्याच दिवशी कागदाचा रोल संपला. अयुबनं नवा मागितला तर हौसराव म्हणाले, "शिरूरवरनं आले की देतो. आन् पावत्या लोक फेकूनच देतात की. मशीनमधी पंधरा दिवसांचं सगळं राहतंय, निवांत ऱ्हा."

अयुब निवांत राहिला. रोज पैसे घेत होता, बटणं दाबत होता, आणि संध्याकाळी एकूण रक्कम खिडकीवर भरून तेवढ्याच रकमेची पावती घेत होता. असे आठ दिवस गेले. सोजरबाईनं त्या आठवड्यात एकदाच दिले, सोमवारी. काष्टीच्या बाजारात दोन करडं विकून आली होती. पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढून तिनं शंभराच्या चौदा नोटा त्याच्या पुढ्यात मोजल्या. घरावर पत्रे घालायचे होते तिला.

नवव्या दिवशी सकाळी मशीन चालू झालं नाही.

अयुबनं ते रात्रभर चार्जिंगला लावलेलं होतं. त्यानं बटण दाबून धरलं, बॅटरी काढली, पुसली, परत घातली. काही नाही. तसाच एसटी पकडून तो न्हावऱ्यावरून शिरूरला गेला. मुख्य कचेरीत पुण्याच्या कंपनीचा माणूस आला होता. त्यानं मशीन उघडून पाहिलं, दुसरी बॅटरी घातली. हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर शून्य आलं.

"मेमरी गेली," तो म्हणाला.

"गेली म्हंजी कुठं?"

त्या माणसाला हा प्रश्न कळला नाही. त्यानं मशीन परत पिशवीत घातलं आणि पुढचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी हौसरावांनी अयुबला समोर बसवलं. आठ दिवसांत खिडकीवर भरलेली रक्कम होती चौतीस हजार दोनशे साठ. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ती कुणाकुणाची, किती किती, हे आता जगात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"सोप्पं हाय, आतार. हा फॉर्म घ्या. एकेकाला विचारा, आकडा लिहा, सही नाहीतर अंगठा घ्या. बेरीज चौतीस हजार दोनशे साठ आली पाहिजे."

"आन् जास्त आली तर?"

"तर वरचे पैसे तुम्ही घेतले असं लोक म्हणणार. मी काय म्हणू सांगा?"

अयुब तीन दिवस फिरला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे म्हणाले, मशीनचं काय खरं नसतं. आणि मग प्रत्येकानं आकडा सांगितला. वीस देणाऱ्यानं तीस सांगितले. एक दिवस आड देणारा म्हणाला, रोज दिले. त्यातल्या काहींना खरंच आठवत नव्हतं, हे अयुबला दिसत होतं. काहींना चांगलं आठवत होतं, तेही दिसत होतं. पण कोण कुठला, हे तो कुणापुढं सिद्ध करणार होता?

मच्छिंद्रनं रोजचे शंभरप्रमाणे आठशे सांगितले.

"मच्छिंद्रशेठ, दोन दिवस दुकान बंद हुतं तुमचं," अयुब हळूच म्हणाला. "सासरे वारले तवा. मी सोता आलो हुतो तुमच्याकडं बसायला."

मच्छिंद्रनं चाकाचा आरा पिळता पिळता वर पाहिलं. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता कोरा होता.

"मशीनमधी काय हाय ते बघा की मग."

अयुबनं आठशे लिहिले.

काही लोक असेही भेटले की त्यांनी आकडा सांगितलाच नाही. चपला शिवणारा ज्योतिबा, इडलीवाली, स्टेशनवरचे दोन हमाल, असे दहाजण. "तुमालाच ठावं, तुमी लिवा," म्हणाले. त्यांचे आकडे अयुबनं डोकं ताणून, शक्य तितके खरे, पेन्सिलीनं लिहिले. सोजरबाईला विचारायचं कारणच नव्हतं. तिच्या नावापुढं त्यानं चौदाशे लिहिले.

बेरीज एक्केचाळीस हजार नऊशे आली.

घरी त्यानं शाहिस्ताला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुमे कागज पे लिखके नै रखे?" मुलींच्या नावानं त्यानं स्वतः पिग्मी भरली होती, तिच्यात पाच हजार साठले होते. शाहिस्तानंच ते काढा म्हणून सांगितलं. ते भरूनही दोन हजार सहाशे चाळीस उरत होते. हौसरावांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली, आणि शनिवारनंतर शिरूरहून चौकशी येईल, असंही सांगितलं. चौकशी म्हणजे काय, हे अयुबनं केडगावच्या एका एजंटाचं पाहिलं होतं. तो सुटला होता. पण नंतर त्याच्याकडे कुणी दहा रुपयेसुद्धा दिले नाहीत.

शुक्रवारी दुपारी अयुब फॉर्म पुढ्यात घेऊन बसला. ज्यांनी चढवून सांगितलं होतं, त्यांचा आकडा कमी करता येत नव्हता. त्यांच्या सह्या झाल्या होत्या. हात लावता येईल अशी नावं अकराच होती. ज्यांनी त्याच्यावर सोडलं होतं, आणि ज्यांचे आकडे अजून पेन्सिलीत, सही-अंगठ्याविना होते ती. त्यानं खोडरबर घेतलं. दहाजणांचे मिळून दोन हजार दोनशे चाळीस कमी केले. राहिले चारशे.

तो रिक्षाथांब्यावर गेला तेव्हा सोजरबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

"मावशी, आंगठा पाहिजे. मशीन बिघडलं ना, म्हणून."

"कशाव?"

"तुमचे सोमवारचे पैशे. हजार."

तिचा हात पाण्याच्या डब्यात तसाच राहिला.

"हजार? चौदाशे न्हवं का रं?"

अयुबनं तेव्हाच 'व्हय' म्हणायला हवं होतं. तोंडात आलाही होता तो शब्द. पण फॉर्मवरची बेरीज त्याच्या डोळ्यांपुढं होती.

"हजार हुते, मावशी."

सोजरबाई बोटांची पेरं मोजू लागली. ओठ हलत होते. "मोठं आठशेला गेलं, बारकं सहाशेला... का चारशेला? आन् सून म्हनली हुती साखर आना, ती आनली व्हती का मी..." ती थांबली. तिनं अयुबच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता, आणि तेच अयुबला सोसेना. त्यानं शाईचा पॅड उघडायला मान खाली घातली.

"तू म्हंतोस तर हजारच आसतील," ती म्हणाली. "डोस्कं चालंना बाबा आताशा."

तिनं अंगठा पुसून पुढं केला.

बेरीज बसली. हौसरावांनी फॉर्मवर शिक्का मारला, नवे रोल दिले, कॉम्प्युटरही आला. एकशे चौदा खात्यांत नवे आकडे चढले. अयुबची फेरी पुन्हा सुरू झाली. मच्छिंद्र पहिल्यासारखाच चहा मागवायचा. अयुब आता मशीनबरोबर एक वहीही ठेवू लागला. रोज दहा-वीस रुपये खिशातून घालून त्या दहाजणांचे पैसे फेडावेत, असं त्यानं ठरवलं. कागदावर नावं लिहिली आणि पुढं आकडे घालायला गेला तर आठवेना. ज्योतिबाचे त्यानं आधी किती लिहिले होते? तीनशे? साडेचारशे? खोडलेल्या जागी आता नुसता मळका डाग होता. आणि खोडलेला आकडा तरी खरा होता की त्याचा अंदाज?

सोजरबाईचे चारशे तेवढे त्याला पक्के माहीत होते.

दिवाळीनंतर तिच्या पोत्यावर तिची सून पूनम बसू लागली. म्हातारी शेजारी बसून जुड्या बांधायची. गिऱ्हाइकानं नोट पुढं केली की ती सुनेकडे बोट दाखवायची. अयुबनं विचारलं तेव्हा पूनम म्हणाली, "आत्या पैशाला हात लावत न्हाईत आता. सोताच म्हनल्या, मला मोजाया सांगू नका. चुकतंय म्हंत्यात. परवा गिरीमच्या फाट्याव उतरल्या आन् घर कुठल्या अंगाला, हेच इचारत बसल्या लोकांना. भ्याल्यात वो."

अयुब घरी आला आणि जेवला नाही. चार दिवसांनी त्यानं चारशे रुपये उभे केले आणि भरदुपारी रिक्षाथांब्यावर गेला. पूनम चहा आणायला गेली होती. तो सोजरबाईपुढं उकिडवा बसला.

"मावशी, एक सांगायचंय. चौदाशेच हुते."

"काय चौदाशे?"

"करडांचे पैशे. तुम्ही चौदाशेच दिले हुते. मी खोटं बोललो. माझी बेरीज बसत न्हवती. तुमचं डोस्कं चांगलं हाय मावशी, तुमचं काय चुकलं न्हाई. हे घ्या चारशे."

सोजरबाईनं नोटांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आजारी माणसाला बघायला आलेल्याचं मन राखावं तसं.

"पूनमनं सांगितलं वाटतं तुला?"

"न्हाई मावशी, खरंच—"

"तुझी मानूसकी कळती मला, अयुब. पर माझं मन राखाया तू कशाला पदरचं घालतोस? तुला बी दोन पोरी हायती." तिनं त्याची मूठ मिटवून दिली. "पूनमनं हापिसात जाऊन इचारलं ना. त्यांनी मशीनवरनं चिठ्ठी काढून दिली. हजारच हाय. मशीन कशाला खोटं बोलंल?"

"मीच लिवून दिला हुता तो आकडा!"

तो ओरडल्यासारखा बोलला. पलीकडचे रिक्षावाले वळून बघू लागले. सोजरबाई घाबरली. तिनं जुडीतली मेथी दोन्ही हातांनी धरली आणि इकडं तिकडं सुनेला शोधू लागली.

तेवढ्यात पूनम चहा घेऊन आली. "काय झालं, अयुबमामा?"

"काय न्हाई," तो म्हणाला.

पूनमनं कनवटीतून वीसची नोट काढून त्याला दिली. अयुबनं सोजरबाईचा खाते नंबर दाबला, वीस दाबले, पट्टी बाहेर आली. त्यानं ती फाडून म्हातारीपुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही. पूनमनं पावती घेतली, घडी केली, आणि चारशे रुपये मुठीत तसेच धरून अयुब पुढच्या टपरीकडे निघाला.