होडीवालीचं केळवण

आमच्या घरातून पोटभर जेवल्याशिवाय आजवर कोणी गावाबाहेर गेलेलं नाही. चोर जरी शिरला असता तरी मी त्याला ताक पाजूनच पोलिसांच्या हवाली केलं असतं. तेव्हा माझी भाची हरिता राष्ट्रीय नौकानयन स्पर्धेसाठी भोपाळला निघणार म्हटल्यावर आमच्या माणसांनी जे केलं, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. वावगं दिसलं ते वजनकाट्याला.

हरिता एकटीची होडी वल्हवते, हलक्या वजनाच्या गटात. म्हणजे एकोणसाठ किलोच्या वर काटा गेला की होडीत पाय ठेवायचा नाही. शर्यतीच्या दोन तास आधी वजन करतात. गेल्या वर्षी काटा जरासा वर सरकला आणि बाईसाहेब काठावर बसून दुसऱ्यांच्या शर्यती बघून घरी तंजावरला परत आल्या. महिनाभर कोणाशी धड बोलली नाही.

यंदा निवड झाली तेव्हा पेपरवाला मुलाखतीला आला. ही जिद्द येते कोठून, असं त्याने विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत माझा भाऊ अनिरुद्धराव, म्हणजे तिचा बाप, सुरू झाला: आम्ही मराठे, आरमाराचं रक्त. कसलं आरमार! आमचे पूर्वज राजवाड्याच्या कोठीत तांदूळ मोजत होते. पाणी त्यांनी पाहिलं असेल तर तांब्यातलं. हरिता एवढंच म्हणाली की तिला पुन्हा काठावर बसायचं नाही. ते त्याने छापलं नाही, आरमार छापलं.

पहाटे समुद्रम तलावावर होडी आणि संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये वल्हवायचं यंत्र, असा तिचा दिनक्रम. त्या यंत्राची घरघर ऐकून शेजारच्या जयलक्ष्मीने विचारलं, रोज एवढं इडलीचं पीठ कोणासाठी वाटता? दोन तास घाम गाळायचा आणि हॉलमधून हॉलमध्येच पोचायचं, हे त्या माउलीला मी कसं पटवून देणार?

आता केळवणाचं सांगते. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाईक एकेक करून घरी जेवायला बोलावतात. हरिता तर लग्नाचं नाव काढू देत नाही. मग नातेवाइकांनी मनात तयार ठेवलेली केळवणं न्यायची कोठे? त्यांनी ती स्पर्धेला लावली. सुरुवात मीच केली, सुरळीच्या वड्या आणि खिरीने. मग ओरत्तनाडूच्या बाळकृष्णरावकाकांनी केळीच्या पानावर तुपात बुडालेल्या पुरणपोळ्या वाढल्या. तिरुवैयारूच्या हिराबाईंनी पायसम वाटीने नव्हे, तांब्याने ओतलं. वडीलमाणसांना नाही म्हणायचं नाही, हे तिला आम्हीच शिकवलेलं. पोरगी मुकाट जेवत गेली. निघायला आठवडा राहिला तेव्हा काट्यावर चढली. साडेसाठ.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. काट्याशेजारी फरशीवर बसून राहिली, आणि म्हणाली, "आत्ते, ह्या वेळेसही मी काठावरच काय?"

मायेने वाढलेलं असं अंगावर येईल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

त्या दिवसापासून घराचा कारभार मी हातात घेतला. केळवणं बंद झाली तर लोक डबे घेऊन दारात यायला लागले. मी तिथल्या तिथे एक शास्त्र काढलं, की भाचीच्या नावाने आत्तेने खाल्लं की भाचीला पोचतं. कोणत्या पोथीत आहे ते कोणी विचारलं नाही. लाडू, बोंडा, जिलबीसारखी जांगिरी, सगळं मी उभ्या उभ्या संपवलं आणि ब्लाउजच्या शिवणी उसवून घेतल्या. पहाटे ती दोन स्वेटर घालून कालव्याच्या बांधावरून पळायची आणि मागून मोपेडवर मी. फुलं विकणाऱ्या शेषम्माने तमिळमध्ये विचारलं, पोरीने केलं तरी काय, की तुम्ही अशा मागे लागलात?

निघायच्या सकाळी काटा एकोणसाठावर येऊन थांबला. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. आणि आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याला आत्तेने दहीभाताचा घास भरवायचा असतो. अनिरुद्धरावचा पहिला नोकरीचा दिवस असो की कोणाची काशीयात्रा, घास चुकलेला नाही. मी वाटी घेऊन दारात उभी राहिले. हरिताने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एक घास दे, आत्ते," ती म्हणाली. "तुझं मन मोडून मी जाणार नाही."

तोंड उघडून उभी राहिली पोर. मी वाटी मागे घेतली.

"नको," मी म्हटलं. "तशीच जा."

जन्मात कोणाला असं बोलले नव्हते. अनिरुद्धराव माझ्याकडे बघतच राहिला. रिक्षा वळली तशी मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. घास न घेता गेलेली आमच्या घरातली ती पहिलीच, आणि तिला मी धाडलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये फोनभोवती बसलो होतो. व्हिडिओ लागला. तिचं तोंड सुकून एवढंसं झालेलं. वजन एकोणसाठाच्या आत बसलं, तिने सांगितलं. आता शर्यतीपर्यंत खायला मोकळीक. तिच्या प्रशिक्षकांनी, सतीशकुमारांनी, कोठून तरी दही आणि भात पैदा केला होता. तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि समोर मांडी घातली.

"आत्ते, आता भरव."

मी धावले. वाटी आणली, घास केला, फोनपुढे धरला. तिने तिकडे आ केला आणि आपल्या हाताने खाल्लं. मग दुसरा घास, मग तिसरा. अनिरुद्धराव हसत होता, हसू दे. मागून सतीशकुमार म्हणाले, पुरे अम्मा, तिला वल्हवायचं आहे. मी म्हटलं, अजून दोन घास. त्यानंतर ती तिसरी आली. ते पेपरात आलं आहे, आरमारासकट.

फोन बंद झाला तेव्हा सगळे घास माझ्या वाटीत तसेच होते. मी तिथेच बसून ते खाऊन टाकले. ती निघाल्यापासून मी जेवले नव्हते.