जीपचं वंगण

आमच्या दवनीवाड्याच्या घरात बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसाला वंगण द्यायचा मान एकाच माणसाचा, माझे सासरे जीवनलाल यांचा. त्यांना मी मामाजी म्हणते. आणि ज्यानं वंगण दिलं त्यानंच पहिली फेरी हाकायची, हा त्यांचा कायदा. वाटेत आस धरला तर शिव्या त्यानंच खायच्या, दुसऱ्यानं कायले? कायदा चोख होता. फक्त वंगणाचा बांबूचा नळा बाईच्या हाती कधी आला नाही, म्हणून बैलांचा कासराही आला नाही.

२००४ साली माझ्या नवऱ्यानं, धनेंद्रनं, लिलावातली जुनी फोर-व्हील जीप आणली. तिच्या चावीचंही तेच. आता मला गाडी चालवता येते हो! कोहमाऱ्याच्या नाक्यावर माझ्या बाबांचं ऑइलचं दुकान, तिथंच वाढले, तिथंच गाडी शिकले. पण लग्नानंतर कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला असेल तर शपथ. चावी मागितली की धनेंद्र म्हणे, लोक काय म्हणतील. माझं डोकं असं सणकायचं!

हिवाळ्यात जीप कण्हायला लागली. पुढच्या चाकांना जोर देणारी छोटी गिअरपेटी असते, तिच्यातलं ऑइल खराब झालं होतं. मी म्हटलं, नव्वद नंबरचं ऑइल टाका; मोठ्या गिअरबॉक्समधलं तेल हिच्यात झिरपतं, तेव्हा दोन्हींत एकच पाहिजे. ऐकतो कोण? मामाजी म्हणाले, एरंडीचं तेल आणि धानाच्या तणसाची राख, बंडीला चालते तर हिला का नाही? धनेंद्रनं गोंदियाहून नव्वद आणि एकशेचाळीस, दोन्ही डबे आणले. मामाजींनी बंडीच्या वंगणाची घेतात तशी परीक्षा घेतली, अंगठ्यात न् बोटात धरून ताणलं. एकशेचाळीसची लांब तार निघाली. नव्वदला ते ताकाचं पाणी म्हणाले. झालं, पंचायत संपली आणि छोट्या पेटीत एकशेचाळीस गेलं. जाड तेल थंडीत आणखी घट्ट होतं, गिअर अडतो, हे मी चुलीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत धानाची पोती भरून जीप निघाली आणि बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीखाली चिखलात रुतली. धनेंद्र फोर-व्हीलचा दांडा ढकलून ढकलून घामाघूम झाला, दांडा जागचा हलेना. शेवटी मामाजींनी बैल जुंपून जीप घरापर्यंत ओढत आणली. अख्खं गाव दारात उभं. मामाजी भलते खुशीत होते, बैलांना गूळ चारत होते.

धनेंद्र खाटेवर तोंड फिरवून पडला. मी पदर खोचला आणि जीपखाली शिरले. काकवीसारखं झालेलं ते तेल काढून टाकलं, दोन्ही पेट्यांत नव्वद भरलं, नट आवळले. मामाजी बाजूला उकिडवे बसून पाहून राहिले होते.

सकाळी थंडी तशीच होती. धनेंद्र जीपमध्ये बसला, त्यानं दांडा ढकलला आणि तो एका बोटानं पुढं गेला. धनेंद्रच्या चेहऱ्यावर आता सगळं त्यानंच केल्याचा भाव. चावी फिरवणार तेवढ्यात मामाजींनी दारावर हात ठेवला.

"उतर खाली."

"काऊन?"

"वंगन कोनं देलं?"

धनेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मग लोक काय म्हणतील, असं काहीतरी पुटपुटला.

"लोकाइले मी पायतो," मामाजी म्हणाले. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. मला रडू आलं, खोटं कायले बोलू?

जीप आल्यापासून मामाजी तिच्यात कधी बसले नव्हते. त्या दिवशी माझ्या बाजूला येऊन बसले, दोन्ही हातांनी सीट गच्च धरून. बोडीच्या पाळीखाली आले, दांडा टाकला, चारही चाकांनी चिखल उडवला आणि आम्ही पार झालो. मामाजींनी सीटवरचा एक हात सोडला, मग दुसरा.

घरी आल्यावर ते गोठ्यात गेले. वंगणाचा तो बांबूचा नळा खुंटीवरून काढून आणला आणि माझ्यासमोर धरला.

"बंडीलेबी आता तूच देत जा."