रातांबीच्या शेजारचा वांझो

मित्रांनो, मी एक जुना रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड आहे. तुमच्या घरी बांगड्याच्या आमटीत जी काळीभोर आंबट सोलं पडतात, ती ज्या झाडाच्या फळांची, त्याच जातीचं मी झाड. पण माझी सोलं तुम्ही कधी खाल्लेली नाहीत आणि खाणारही नाही, कारण माझ्या अंगावर आजवर एक फळ धरलेलं नाही. फळं धरतात ती शेजारणीला, त्या रातांबीला. तिच्या फांद्या माझ्या फांद्यांना लागतात, इतकी ती जवळ आहे. तिचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. पूर्वी दुखायचं आणि आता थांबलं, असं नाही बरं का. आजही दुखतं.

मसुऱ्याला भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, संपले की डोंगराचा चढ लागतो. तिथल्या रानात एका फणसाखाली कुठल्याशा उदमांजराने एक पिकलेला रातांबा खाल्ला आणि दोन बिया टाकल्या. एकीतून मी झालो, दुसरीतून ती. म्हणजे खरं तर आम्ही भाऊबहीण. शेजारीण म्हणतो ते रागाने.

लहानपणी आमच्यावर फणसाची सावली होती. खाडीकडून येणारा वारा वरचं मोठं ऐनाचं झाड आपल्या अंगावर घ्यायचं, म्हणून आमचे कोवळे शेंडे मोडले नाहीत. जवळच्या किंजळीच्या झाडाची पानं खाली पडून कुजायची आणि उन्हाळ्यातही आमच्या मुळांशी ओल राहायची. रानात कोणतंही झाड एकट्याच्या जिवावर वाढत नाही. तेव्हा मात्र माझं लक्ष एवढ्यावरच असायचं, की किंजळीची पानं तिच्या पायाशी जास्त पडतात की माझ्या.

तिच्याच पायाशी जास्त पडायची.

मग आम्हाला पहिल्यांदा फुलं आली. मला घोसच्या घोस आले, तिला एकेक, दोनदोन. काय सांगू तुम्हाला, तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सोन्याचा हिवाळा. किंजळीच्या ढोलीत बारीक काळ्या माश्यांचं पोळं होतं. त्या माश्या आधी माझ्याकडे यायच्या, पायांना पिवळी पूड माखून घ्यायच्या आणि मग तिच्याकडे जायच्या. मी म्हणायचो, जा, सांगा तिला, इथे केवढा थाट आहे ते.

उन्हाळा आला. माझी फुलं गळून मातीत गेली. तिच्या फुलांची हिरवी फळं झाली, वैशाखात ती लालबुंद झाली आणि फांद्या वाकल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं झालं.

हे रान भिकाजीचं. त्याचा मुलगा गणपत मुंबईला गोदीत कामाला होता आणि वर्षातून एकदा, वैशाखात, घरी यायचा. गणपतची बायको सुभद्रा सासऱ्याच्या घरी राहायची. लग्न होऊन आली तेव्हा परकरातून नुकती लुगड्यात आलेली पोर होती. रातांबे काढायचं काम तिच्याकडे आलं. टोपली भरली की तिथेच सावलीत बसून ती फळं फोडायची, बिया वेगळ्या करायची, साली मिठाच्या रसात बुडवून खडकावर उन्हात घालायची. त्यांची सोलं व्हायची. बियांचं तेल काढून पायाच्या भेगांना लावायची. गणपत परत निघाला की सोलांची पुरचुंडी मालवणच्या आगबोटीने त्याच्याबरोबर मुंबईला जायची. म्हणजे ही बया मुंबईलासुद्धा पोचली होती आणि मी इथेच.

सुभद्रा तिच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणायची, "माझी बाय गो ती. मागूचा लागना नाय."

एकदा शेजारची हौसाबाई रातांबे मागायला आली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आणि ह्यो गो कोण? ह्येका काय धरना नाय?"

भिकाजी तिथेच भाजावळीसाठी कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडत होता. तो म्हणाला, "तो वांझो. खावक काळ नि भुंयक भार."

त्या दिवसापासून माझं नाव वांझो पडलं. तिला बाय आणि मला वांझो. तुमच्यातल्या कुणाला घरात असं धाकटं-मोठं भावंड असेल, तर माझं म्हणणं त्याला लगेच कळेल.

आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला भीती घालायची एक रीत आहे. एक माणूस कोयता घेऊन झाडापुढे उभा राहतो आणि दरडावतो. दुसरा झाडामागे उभा राहून झाडाच्या वतीने उत्तर देतो. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी फळ देतं, असा समज. त्या माघात भिकाजी कोयता घेऊन माझ्यापुढे आला. मागे उभं राहायला सुभद्राला लावलं.

भिकाजीने कोयत्याचा उलटा मार माझ्या बुंध्यावर दिला. "काय रे वांझ्या, फळां देतंस काय तोडून टाकू?"

सुभद्राला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "नको तोडू रे बाबा. येत्या वैशाखाक देतलंय."

झालं. माझ्या नावाने तिने शब्द देऊन टाकला. बाई, मला विचारलंस तरी का? मी नर. आमच्या जातीत नराला फुलं येतात, फळ येत नाही. जन्मभर घाबरवलं तरी येणार नाही. पण हे त्या दोघांना माहीत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

पुढचा वैशाख आला. ती लगडली. मी तसाच उभा.

भिकाजी कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा सुभद्रा म्हणाली, "आणखी एक वर्स बघल्यात तर, बाबांनू?"

"शब्द कोणी दिल्लो? तूच ना?" भिकाजी म्हणाला.

ती बाजूला झाली. मला कुऱ्हाडीने गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवं केलं. माझ्या फांद्या कुणग्याच्या वयीला, म्हणजे कुंपणाला, लागल्या आणि बुंधा चुलीत गेला. माझी खूण म्हणाल तर एक खुंट उरला. रातांबी शेजारी उभी होती. तिला आता वारा मोकळा मिळाला, ऊन मोकळं मिळालं. मी मनात म्हटलं, घे, सगळं रान घे.

त्या हिवाळ्यात तिला नेहमीसारखी फुलं आली. आणि सगळी गळली.

पहिल्या वर्षी भिकाजी म्हणाला, मळभ आलं म्हणून गळली. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा हौसाबाई म्हणाली, "दिष्ट लागली हिका." मग रातांबीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, फांदीला जुनी केरसुणी आणि फाटकी वहाण टांगली. माझ्यावरून कधी कुणी मोहरीचा दाणा ओवाळला नव्हता. तिसऱ्या वर्षीही फळ नाही.

माश्या मात्र अजून तिच्याकडे जात होत्या. खुंटावर बसूनच पुढे जायच्या, म्हणून मला त्यांचे पाय नीट दिसायचे. पाय कोरडे होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्याला थाट समजत होतो ती पिवळी पूड, तीच तिच्या फुलांत पडून फळ होत होतं. चढावर आणखी एकदोन नर होते, त्यांनाही वांझ म्हणून भिकाजीने मागेच तोडलं होतं. उरलो होतो मी एकटा, आणि मला चुलीत घातलं.

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जी टोपली तिच्या नावाने भरत होती, तिच्यात निम्मा मी होतो. वाटलं, आता तिला कळू दे.

पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती पचवणं जड गेलं. एवढे उन्हाळे गेले, तरी माझा खुंट वाळला नव्हता. उलट सालीतून तांबूस फुटवे निघाले होते. कारण दुपारच्या उन्हाच्या वेळी तिची सावली बरोबर माझ्यावर यायची. पायाशी किंजळीचा पालापाचोळा होताच. जिच्यावर मी जळत होतो, तिच्याच सावलीत मला वाढायची पाळी आली होती. जीव जात होता माझा त्या सावलीत बसताना, आणि त्या सावलीमुळेच जीव टिकत होता.

गोवा मोकळा झाला त्या सालची गोष्ट. भिकाजी पुन्हा कोयता घेऊन चढ चढून आला. या वेळी तो तिच्यापुढे उभा राहिला. सुभद्रा मागे गेली. आता ती लाजरी पोर राहिली नव्हती. नवरा मुंबईला, सासरा थकत चाललेला, शेत तिच्याच अंगावर होतं.

"काय गो, फळां देतंस काय तोडू?"

मागून उत्तर आलं, "देतलंय. पण माका तीन वर्सां होयी."

भिकाजीने कोयता खाली केला. "तीन? त्या वांझ्याक एक दिल्लंस, नि हिका तीन?"

"झाड बोलता तां मी सांगतंय, बाबांनू. माका काय विचारतास?"

भिकाजीला हसू आलं आणि त्याने तीन वर्षं दिली. मी खुंटात बसल्या जागी पेटलो. माझ्या वेळी एक, तिच्या वेळी तीन. माझ्या वेळी ही हुशारी कुठे गेली होती, सुभद्राबाई?

राग शांत झाल्यावर मात्र मला धडकी भरली. तीन वर्षांत माझे फुटवे फुलले नाहीत, तर तिला फळ धरणार नाही. फळ धरलं नाही, तर ती जाणार. ती गेली, तर खुंटावर रोजचं ऊन पडणार आणि मीही जाणार. आणि दुसरंही सांगतो. मला ती मेलेली नको होती. मला फक्त तिची टोपली हवी होती.

पहिलं वर्ष फुटव्यांना नुसती पानं आली. दुसरं वर्षही तसंच गेलं. तिसऱ्या हिवाळ्यात माणसाच्या मनगटाएवढ्या झालेल्या माझ्या फांद्यांवर कळ्यांचे चार घोस दिसले. पूर्वीच्या मानाने काहीच नाहीत. माश्या आल्या, पाय माखून घेतले आणि तिच्याकडे गेल्या. या वेळी मी थाटाची गोष्ट काढली नाही. नुसतं म्हटलं, सांडू नका गो वाटेत.

वैशाखात ती खालपासून शेंड्यापर्यंत लाल झाली. गणपत रजेवर आला होता. त्याने आणि सुभद्राने टोपल्या वाहून वाहून खडक भरला. वाडी बघायला लोटली. आणि कौतुक कुणाचं झालं, सांगा पाहू?

कोयत्याचं. भिकाजीच्या कोयत्याला झाडं घाबरतात, अशी बातमी पसरली. हौसाबाईने आपल्या फणसासाठी तो मागून नेला. मग वरच्या वाडीतून बोलावणं आलं. परत आला तेव्हा त्याच्या मुठीला हळदकुंकू लावलेलं होतं. इतके दिवस मी एका झाडावर जळत होतो, आता लोखंडावरही जळायला लागलो.

तोच कोयता घेऊन भिकाजी एका सकाळी माझ्याकडे वळला. गणपत बरोबर होता.

"आता हिका मोकळी करूया," भिकाजी म्हणाला. "ह्यो वांझो परत फुटलो आसा. हिचो सगळो रस ह्योच खाता."

गणपतने मान हलवली आणि माझ्या फांद्या एका हाताने गोळा करून धरल्या, कापायला सोपं जावं म्हणून. मला वाटलं, संपलं आता. या वेळी माझ्यामागे उभं राहून बोलायलाही कुणी नव्हतं.

सुभद्रा खडकावर सोलं पालटत होती. हात लाल झालेले, तसेच घेऊन ती आली आणि कोयत्याच्या आणि माझ्या मधे उभी राहिली.

"रवांदेत, बाबांनू."

"कित्याक? तो काय देता?"

"माका म्हायत नाय तो काय देता. पण त्येका तोडल्यात, त्या वर्सापास्ना ही रुसली. तो फुटलो, नि ही फळली. दोनय गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. आता त्येका हात लावूक मी देवचंय नाय."

भिकाजी म्हणाला, "कोयत्याक घाबारली ती."

"मगे कोयतो घरात ठेवा," सुभद्रा म्हणाली. "नि एकट्यान रवणा काय आसता, तां माका विचारा."

गणपतने माझ्या फांद्या सोडल्या. तो बायकोकडे बघेना, कुणग्याकडे बघत राहिला. भिकाजी पलीकडची काटेरी झुडपं तोडायला निघून गेला. माझ्यावर त्यानंतर कोयता आला नाही.

जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी भांडलं होतं. मी भरून पावलो, असं म्हणणार होतो. पण मित्रांनो, हे सगळं बोलताना सुभद्राचा हात कुठे होता माहीत आहे? रातांबीच्या बुंध्यावर.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. कुठल्याही झाडाचं फळ खाल, तेव्हा त्याच्या भोवती कोण कोण उभं आहे ते बघा. वारा अडवणारं असेल, पाला देणारं असेल, माश्यांना घर देणारं असेल, आणि ज्याचा काही उपयोग दिसत नाही असंही एखादं असेल. त्यातल्या एकालाही भुईला भार म्हणू नका, आणि तोडू तर मुळीच नका. आणि कधी मसुऱ्याच्या या चढावर आलात, तर रातांबे तिचे खा, सावलीत तिच्या बसा, माझी काही हरकत नाही. जाताना फक्त हात माझ्या बुंध्यावर ठेवा. तिच्या नको. तिला पुष्कळांनी लावलेत.