फकिरा मिस्त्रीचा रॅक

"आपा, सतरा बुश कमी दिसतायत. गेले कुठं?" राजनंदिनीने स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं.

"कुठं जातील, बेटा? मिस्त्र्यांकडं हायेत," बिल्किसआपा म्हणाल्या.

पंपाच्या सुट्या भागांच्या त्या गोदामात आपांना बावीस वर्षं झाली होती. खोकी उचलता उचलता त्या स्टोअरकीपर झाल्या. महिन्यापूर्वी मालकांच्या मुलीने, राजनंदिनीने, मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक रॅकला नंबर, प्रत्येक वस्तूला बारकोड. आपा त्यावर बेहद्द खूश होत्या. "बटन दाबलं की सगळं गोदाम समोर येतंय!" असं त्या गारखेड्याला घरी जाऊन सुनेला रोज सांगत. खुद्द सुनेचं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

अडचण एकच होती. बोअरमधून मोटार वर काढून खोलल्याशिवाय शाफ्ट किती झिजलाय ते कळत नाही. म्हणून फुलंब्री-सिल्लोडकडचे मिस्त्री तीन मापांचे बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, आधी बिल न करता नेत, बसेल तो बसवत आणि उरलेले पुढच्या खेपेला परत आणत. कोणाकडे काय आहे ते आपांना तोंडपाठ होतं. सॉफ्टवेअरला त्याचं काय!

"पप्पांनी सांगितलंय, उद्यापासून बिलाशिवाय एक वायसरसुद्धा बाहेर जायचा नाही."

आपांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "मग फकिरा मिस्त्रीनं एका बुशासाठी फुलंब्रीवरनं तीन चकरा मारायच्या का? तवर तिथली ढोरं पानी कुठं पितील?"

"मी काय करू, आपा? माल कुठल्या तरी रॅकवर दिसायला पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून आपा कॉम्प्युटरपुढे बसल्या. 'नवा रॅक' असं एक बटण होतं. नावाच्या जागी त्यांनी एका बोटाने लिहिलं : फकिरा मिस्त्री, फुलंब्री. मग गोकुळ मिस्त्री, सिल्लोड. मग तौफिक मिस्त्री. असे नऊ रॅक झाले. ज्याच्याकडे जेवढे बुश, तेवढे त्याच्या नावावर चढवले. फरक शून्य आला.

राजनंदिनीने तिघांना फोन लावून पाहिले. एका बुशाचाही घोळ निघाला नाही. तिला हसू आलं. "आपा, माणसाचा रॅक करतं का कुणी?"

"पाय फुटलेला रॅक हाय, बेटा. परत येतो."

"सांगते मी पप्पांना. पण एकेकाकडं माल किती ठेवायचा?"

"रॅकला पेलंल तेवढाच."

मालकांनी होकार दिला. त्या दिवशी आपांना डबा गार असूनही गोड लागला.

दोन दिवसांनी फकिरा मिस्त्री आला, तेव्हा आपांनी मोठ्या हौसेने त्याला स्क्रीन दाखवली.

"आमचं नाव कंपूटरमंदी?" त्याने स्क्रीनवरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि हत्यारांची पेटी उचलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काम नसताना तो परत आला. कागदात गुंडाळलेला एक बुश त्याने टेबलावर ठेवला. "तीन सालापास्नं पेटीच्या तळाला व्हता, आपा. कुनी इचारलं नाय, म्या बी सांगितलं नाय. आता नाव लिवलंय, तर बरं वाटत नाय."

आपांच्या पाठांतरातून तो केव्हाच निसटला होता. त्यांनी त्यावर बारकोड चिकटवून तो स्कॅन केला.

"आपा, एक बुश जास्त दाखवतंय. कुठून आला?" आतून राजनंदिनीने विचारलं.

"रॅकनं सोता आणून दिला," आपा म्हणाल्या. मान खाली घालून उभ्या असलेल्या फकिराकडे त्यांनी आपलं स्टूल सरकवलं.