नाकोबा

"अहो, दूध करपलं! शेगडीपाशीच बसलात अन् कळलं नाही?"

बायकोने धावत येऊन गॅस बंद केला. नाकोबाने वर्तमानपत्रातून मान वर केली. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कुठे त्याला उमगले.

"सर्दी झालीय जरा."

"इतकी लांबलेली सर्दी मी तरी कुणाची बघितली नाही. कारखान्यात सांगितलंत का?"

"सांगितलं की फाटकावर बसवतील. गाड्यांना सलाम ठोकत."

"बसवू देत. जिवापेक्षा नाक मोठं झालं का तुमचं?"

त्यावर तो हसला, पण बायको हसली नाही.

कारखान्यात त्याला सगळे नाकोबाच म्हणत. वीजघराचा धूर तिथल्या उंच मनोऱ्यात खालून वर चढे आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचे द्रावण झिरपत येई. धुरातला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेई. मग द्रावण तापवले की गॅस सुटून वेगळ्या पाइपात जाई आणि हलके झालेले द्रावण परत मनोऱ्यात. आधी एकच अमाइन वापरत. ते गॅस झटकन पकडी, पण सोडवून घ्यायला फार आच लागे. म्हणून आता त्यात दुसरे मिसळले होते. पकडायला ते संथ, पण पोटात भरपूर साठवणारे आणि थोडक्या आचेवर सोडून देणारे. "नवरा-बायकोच आहेत," नाकोबा म्हणे, "एक तापट, एक सोशिक. म्हणून संसार चाललाय."

सुटलेल्या गॅसला वास नसतो. वास असतो द्रावणाला, कुजक्या मासळीसारखा, उग्र. तापलेले द्रावण जिथे गळते तिथे गॅसही सुटतो आणि हवेपेक्षा जड म्हणून खोलगट जागी पाण्यासारखा साचून राहतो आणि त्यात माणूस गुदमरतो. म्हणून पंपाच्या खड्ड्यात कुणी उतरण्याआधी गॅस मोजणारे मीटर सोडत, आणि मीटरच्या जोडीला नाकोबा वाकून हुंगून बघे. त्याचे नाक कधी चुकले नव्हते. हळूहळू लोक मीटरपेक्षा त्याच्याकडेच बघू लागले होते.

त्या दुपारी पंप घरघरू लागला. फिटर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आला. हा फिटर म्हणजे नाकोबाचा व्याही, त्याच्या लेकीचा सासरा.

"मीटर दुरुस्तीला गेलंय," सुपरवायझर म्हणाला. "दुसरं यायला संध्याकाळ होईल. तोवर पंप जळून जाईल. नाकोबा, तुम्ही बघता का?"

नाकोबा खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसला. खाली काळोख होता. लोखंडी शिडीच्या खालच्या पायऱ्या नीट दिसतही नव्हत्या. त्याने खोल श्वास घेतला. काहीच नाही. आणखी एकदा घेतला. मासळी नाही, तेल नाही, गंज नाही. काहीच नसलेल्या खड्ड्यालाही ओलीचा, ग्रीसचा वास असतोच.

"काय म्हणतंय नाक?" सुपरवायझरने विचारले.

"काही... काही येत नाही."

"चला, मोकळं आहे!"

"व्याहीबुवांनी सांगितलं म्हणजे झालं," म्हणत फिटरने शिडीवर पाय टाकला. एक पायरी, दुसरी, तिसरी. बघता बघता त्याचे डोके काठाखाली गेले.

नाकोबा काठ धरून बघतच राहिला. मग तो ओरडलाच.

"वर या! व्याहीबुवा, वर या! मला वासच येत नाही! कशाचाच येत नाही!"

खालून फक्त धापा ऐकू आल्या, पळून आलेल्या माणसासारख्या. सुपरवायझर काठावर आडवा झाला. नाकोबाने खाली हात घालून फिटरचे बखोट धरले. दोघांनी मिळून त्याला ओढून काढले. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि पाय चिंध्यांसारखे लोंबत होते. हातातला पाना खाली पडला. तो आपटल्याचा आवाज येईपर्यंत कुणीच श्वास घेतला नाही.

फिटर वाचला. संध्याकाळी मीटर आले, तेव्हा ते खड्ड्याच्या तोंडाशीच किंचाळायला लागले. सांध्यातून द्रावण गळत होते. नाकोबाला कुणी रागावले नाही. फक्त फाटकावरची खुर्ची दिली. तिथून येता-जाता लोक मान डोलवत, पण नाकोबा म्हणून हाक कुणी मारीना.

काही दिवसांनी व्याही घरी आले. बायकोने पाणी दिले आणि ती आत गेली.

"छाती कशी आहे?" नाकोबाने विचारले.

"बरी आहे."

पाणी पिऊन व्याही म्हणाले, "एक विचारायचं होतं. मागच्या खेपेला त्याच खड्ड्यात मी उतरलो होतो. हाताखाली आमचा थोरला होता. तुमचा जावई. तेव्हाही तुम्हीच वाकून बघितलं होतंत."

"हो."

"तेव्हा येत होता का वास?"

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. नाकोबाला खोटे बोलता आले असते. त्याला खोटे ठरवणारे कुणीच नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हाही येत नव्हता."

व्याह्यांनी मान हलवली. ते उठले, दाराशी जाऊन बुटाची नाडी बांधू लागले. गाठ बसेना. नाकोबा पुढे झाला आणि खाली वाकून त्याने नाडी हातात घेतली.

व्याह्यांनी पाय मागे ओढून घेतला. नाडी तशीच लोंबत ठेवून, कठड्याला धरून, ते जिना उतरू लागले.