सर्वांत लांब उत्तर

“बारापर्यंत निकाल लावा,” असं परिचर्या शाळेच्या संचालिका दोना ग्रासिएला दारातूनच सांगून गेल्या. पेपर काढणाऱ्या शिक्षिका एउलालिया ओवेलार यांनी मान हलवली, पण यादीवर सही केली नाही. चाळीस बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर, पास व्हायला चोवीस. दियोनिसिया रोलोनला तेवीस होते. तिची ही तिसरी खेप होती; चौथी या शाळेत कुणालाच मिळत नाही.

सकाळी ती आली होती. गयावया केली नाही. फक्त सतरावा प्रश्न पुढे ठेवला: रोग्याला धाप लागली तर आधी काय कराल? तिनं ‘उशाकडचा भाग उंच करणे’ यावर खूण केली होती. बाईंनी बरोबर धरलेला पर्याय दीड ओळीचा होता: नाडी, रक्तदाब, श्वास मोजून, नोंद करून डॉक्टरांना कळवणे.

“प्रोफे, एवढं लिहून होईपर्यंत तो माणूस गुदमरेल की.”

“मग बाकीच्यांना कसं जमलं?”

ती घुटमळली. “त्या प्रश्न वाचतच नाहीत. तुमचं लांब ते खरं, हे पहिल्या वर्षापासून सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तुला नव्हतं?”

“होतं. पण रोज दुपारी मी वॉर्डात कामाला असते. हात वळत नाही, प्रोफे.”

ती गेल्यावर बाई तीनदा उठल्या, तीनदा बसल्या. तेरेरेच्या गार काढ्याचा पेला रिकामा झाला तरी नळी ओढत राहिल्या. मग त्यांनी पेपरातले प्रश्न कात्रीनं कापून काढले, नुसते पर्याय ठेवले, आणि फाटकापाशी चीज घातलेले चिपा पाव विकणाऱ्या सातुर्निनामावशींना दिले. मावशी सहावीपर्यंत शिकलेल्या. टोपलीच्या झाकणावर कागद ठेवून त्यांनी भराभर खुणा केल्या.

अठ्ठावीस बरोबर.

“मला काय कळतंय त्यातलं, पोरी?” मावशी म्हणाल्या. “लांब लांब निवडली. खोट्यासाठी एवढं लिहायचे कष्ट कोण घेतंय?”

बाईंनी हे जाऊन सांगितल्यावर संचालिकांनी सोपा मार्ग सुचवला: त्या पोरीला एक गुण द्या आणि मिटवा.

“पास झालेल्यांना काय येतं, तेच मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि एकोणीस वर्षं तुम्ही नापास केलेल्यांचं काय?”

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी स्वतःच्या हातानं सूचना लिहिली: पेपर सदोष, फेरपरीक्षा शनिवारी. खाली पूर्ण नाव घातलं. सूचना लावलेल्या फळ्यापाशी मुली करवादल्या. आता वाचावं लागणार, असं कुणीतरी दियोनिसियाला टोचून म्हणालं. तिनं तारीख लिहून घेतली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वही घेऊन वॉर्डात गेल्या. कित्येक वर्षांत त्या तिथे नुसत्या बघायला गेल्या नव्हत्या. चौथ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला धाप लागली होती. मदतनीस बाईनं आधी खाटेचा डोक्याकडचा भाग वर घेतला, मग नर्सला हाक मारली. ही मदतनीस म्हणजे एर्मेलिंदा होती. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेला नापास झालेली. तिला बघताच बाईंना नाव आठवलं.

“सगळ्यात आधी काय पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“ओठ, प्रोफे. निळे पडलेत का ते.” तिनं म्हाताऱ्याच्या पाठीशी उशी सारली. “जरा बाजूला होता का? उजेड अडतोय.”

बाई बाजूला झाल्या आणि वही भिंतीला टेकवून शनिवारच्या पेपराचा प्रश्न उभ्यानंच लिहू लागल्या.